पडदा नसलेला डबा घेऊ की तळहातात मावणारा?

पत्र : हर्णै बंदरापासून हाकेच्या अंतरावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही आता कोणी दुरुस्त करून घेत नाही, म्हणून गेली काही वर्षं बोटींवरचे वायरलेस, जीपीएस आणि फिश फाइंडर हेच काम आहे. अँटेना तपासायला एक जुना एसडब्ल्यूआर मीटर (पाठवलेल्या सिग्नलपैकी किती परत फिरतो ते सांगणारा) आहे. यंदा 60 हजार बाजूला काढलेत आणि केबल-अँटेना तपासणारा आणि संगणकाला जोडता येणारा व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझर घ्यायचा आहे. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा भाचा म्हणतो, पडदा नसलेला, यूएसबीवर चालणारा 6 गिगाहर्ट्झचा डबा घे. मुंबईचा एक व्यापारी जुना, टेबलावरचा मोठा अ‍ॅनलायझर तेवढ्याच पैशात देतोय. मित्र म्हणतो, तळहाताएवढा छोटा पुरे. बायको म्हणते, आधी दुकानाचे पत्रे बदला. पुढेमागे आंब्याच्या बागांत लोरा सेन्सर (कमी विजेवर लांबून वायरलेस माहिती पाठवणारे) बसवायचंही मनात आहे. काय करू? – एक वाचक, हर्णै

उत्तर :

वहिनींचं म्हणणं आधी घेतो, कारण चौघांत तेच सगळ्यात पक्कं आहे. गळक्या पत्र्याखाली कुठलाच अ‍ॅनलायझर टिकत नाही. तुमच्या 60 हजारांत पत्र्यांचेही पैसे निघतील अशा बेतानेच पुढचं लिहितोय.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती म्हणजे तुम्हाला नेमकं मोजायचंय काय. भाच्याने गिगाहर्ट्झ सांगितले, व्यापाऱ्याने कंपनीचं नाव सांगितलं, मित्राने किंमत सांगितली. माप कशाचं घ्यायचंय ते मात्र कोणी विचारलं नाही. म्हणून आधी माझीच एक फजिती सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुख खलाशाने, मला बोटीवर नेलं. तक्रार अशी, की वायरलेसवर बाकीच्यांचं जेमतेम ऐकू येतं आणि आपलं कोणालाच नाही. मी एसडब्ल्यूआर मीटर लावला, बटण दाबलं, काटा 1.3 वर, म्हणजे जवळजवळ काहीच परत फिरत नाही. "अँटेना उत्तम, सेटमध्ये बघा," असं छातीठोक सांगून चहा पिऊन परत आलो. त्याने सेट बदलला, हजारो रुपये गेले, तक्रार तशीच. शेवटी डोलकाठी उतरवली तेव्हा कळलं, की अँटेना बुडाशी आतून तुटलेलीच होती आणि केबलमध्ये पाणी शिरून तांब्याची जाळी काळीठिक्कर पडली होती.

मग मीटरने 1.3 कसं दाखवलं? केबलने दाखवलं. नवी आरजी-58 केबल मरीन बँडवर (बोटींच्या वायरलेसच्या फ्रिक्वेन्सीवर) 10 मीटरला साधारण 2 डेसिबल खाते; डेसिबल म्हणजे सिग्नल किती घटला त्याचं माप. खारं पाणी प्यायलेली किती खाईल त्याला धरबंद नाही. समजा, एका वाटेला 9 डेसिबल. सेटमधून निघालेल्या 25 वॉटमधले तीनेक वॉटच वर पोचले. वर अँटेना तुटलेली, म्हणून ते सगळे परत फिरले आणि येताना पुन्हा 9 डेसिबल गमावून बसले. मीटरपाशी परतलं ते 18 डेसिबलने कमी, आणि 18 डेसिबल रिटर्न लॉस (परत येणाऱ्या लाटेतली घट) म्हणजेच एसडब्ल्यूआर 1.3. जितकी केबल कुजकी, तितका मीटर खूश. त्या तांडेलाला तोंड दाखवायची माझी लाज जायला दोन मोसम लागले.

तुमच्या धंद्यात अ‍ॅनलायझर लागतो तो या कामाला. एसडब्ल्यूआर मीटर, सेट ज्या चॅनलवर बोलतो तेवढीच जागा बघतो. अ‍ॅनलायझर स्वतःचा बारीकसा सिग्नल सोडून सगळा पट्टा चालत जातो आणि परत येणाऱ्या लाटेची उंची आणि फेज (लाट किती मागेपुढे आहे ते) दोन्ही टिपतो. धडधाकट अँटेनाचा आलेख दरीसारखा उतरतो आणि पुन्हा चढतो. कुजक्या केबलचा आलेख कातळाच्या सड्यासारखा सपाट, 100 मेगाहर्ट्झलाही 1.3 च्या आसपास आणि 200 लाही तसाच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की जन्मात विसरणार नाही. केबलचा खोटेपणा थेट मोजायचा असेल तर वरचं टोक अँटेनापासून सोडवून मोकळं ठेवा, खालून रिटर्न लॉस बघा आणि त्याचं निम्मं करा. तोच केबलचा एका वाटेचा तोटा.

आता गिगाहर्ट्झ. मरीन व्हीएचएफ 156 ते 162 मेगाहर्ट्झच्या आसपास संपतं. संकटाचं चॅनल 16 आहे 156.8 वर, बोटीची ओळख आणि जागा सांगणारी एआयएस यंत्रणा 161.975 आणि 162.025 वर. म्हणजे तुमचं रोजचं सगळं काम जेमतेम 6 मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्टीत आहे आणि भाचा तुम्हाला 6 हजार मेगाहर्ट्झचा डबा घ्यायला सांगतोय. त्याला दोष देत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वायफाय आणि मायक्रोस्ट्रिप अँटेना मोजतात, तिथे तो डबा हवाच.

छोट्या यंत्रांत नॅनोव्हीएनए हे नाव तुमच्या मित्राने घेतलं असेल. जपानी हौशी रेडिओवाल्याच्या मूळ आराखड्यावरून 2019 च्या सुमारास ते जगभर पसरलं. त्याच्या एच जातीच्या यंत्रात 300 मेगाहर्ट्झपर्यंत ऑसिलेटरची मूळ फ्रिक्वेन्सीच वापरतात, त्याच्यावर तिचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीची लाट) आणि मग पाचवा. म्हणून 300 च्या खाली डायनॅमिक रेंज (मोठ्यापासून किती बारीक सिग्नलपर्यंत मोजता येतं ती मर्यादा) 70 डेसिबलच्या आसपास मिळते आणि वर ती घसरत जाते. 156 मेगाहर्ट्झ म्हणजे त्या यंत्राचं अंगणच. तिथे ते महागड्या यंत्राच्या इतकं जवळ जातं, की बोटीच्या अँटेनासाठी फरक शोधत बसायची गरज नाही.

पण त्याची एक खोड माहीत हवी. जुन्या फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ते एका फेरीत 101 बिंदूच मोजतं. यंत्र हातात आल्या आल्या माणूस काय करतो? 50 किलोहर्ट्झपासून 900 मेगाहर्ट्झपर्यंत सगळा पट्टा लावतो आणि कौतुकाने बघत बसतो. तेव्हा दोन बिंदूंमध्ये 9 मेगाहर्ट्झचं अंतर पडतं आणि तुमचा अख्खा मरीन बँड त्या फटीत गडप होऊ शकतो. 150 ते 170 लावा, म्हणजे दर 0.2 मेगाहर्ट्झला एक बिंदू येईल. एच4 म्हणतात त्या मोठ्या पडद्याच्या भावंडात नव्या फर्मवेअरवर 401 पर्यंत बिंदू मिळतात. संगणकाला जोडलंत तर ही अडचणच उरत नाही. नॅनोव्हीएनए सेव्हरसारखं मोफत सॉफ्टवेअर पट्ट्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा मोजतं आणि सांधतं. दहा तुकडे म्हणजे हजारावर बिंदू.

संगणकाची गोष्ट निघालीच आहे, तर तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. संगणक हवाच, पण आलेख मोठा दिसावा म्हणून नव्हे. तो हवा जपून ठेवण्यासाठी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, ताडपत्र्या आणि झापांनी शाकारलेल्या. पावसाने उघडीप दिली की तुम्ही एकेका बोटीवर जाऊन अँटेना मोजणार. यंदा बोटीवर मोजलं, फाइल जपली, नाव दिलं बोटीच्या नोंदणी क्रमांकाचं आणि तारखेचं. पुढच्या जूनमध्ये तीच बोट, तीच केबल, दोन्ही आलेख एकावर एक टाका. दरी दोन मेगाहर्ट्झ सरकलेली दिसली तर बुडाशी पाणी गेलंय, दरी उथळ झाली तर केबल म्हातारी होतेय. हे तुम्हाला सेट मुका होण्याच्या आधी कळेल. आज तुमच्या किनाऱ्यावर कोणाकडे अशी वही आहे असं मला वाटत नाही. ही फाइल साध्या मजकुराची असते, पुढे एस1पी असं शेपूट, आत फ्रिक्वेन्सी आणि दोन आकडे. नोटपॅडमध्येही उघडते. दहा वर्षांनी यंत्र बदललं तरी वाचता येईल. म्हणून ज्या यंत्रातून अशी फाइल निघत नाही ते फुकट मिळालं तरी घेऊ नका.

आणि म्हणूनच पडदा नसलेल्या डब्याबद्दल माझी कुरकुर आहे. भाचा बहुधा लिब्रेव्हीएनएबद्दल बोलतोय. उत्तम यंत्र आहे, आराखडा खुला आहे, 100 किलोहर्ट्झ ते 6 गिगाहर्ट्झ चालतं आणि दोन्ही बाजूंनी मोजतं, म्हणजे चारही एस-पॅरामीटर (दोन्ही तोंडांपाशी किती परत फिरलं आणि किती पार गेलं ते) एका जोडणीत देतं. पण संगणकाशिवाय तो पत्र्याचा डबा. आता डोळ्यांसमोर आणा : वाळूवर कललेली बोट, टपावर तुम्ही, एका हातात केबल, मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर सूर्य, कीबोर्डवर खारा वारा, आणि खालून खलाशी विचारतोय, "झाला काय?" डबा दुकानातला आहे, बोटीवरचा नाही. याच जातीचं आणखी एक जुनं यंत्र म्हणजे थॉमस बायर या जर्मन हौशी रेडिओवाल्याचं व्हीएनडब्ल्यूए. 1 किलोहर्ट्झ ते 1.3 गिगाहर्ट्झ, तेही यूएसबीवर. क्रिस्टल आणि फिल्टर मोजायला मला ते फार आवडतं, त्याचं सॉफ्टवेअर बारकाईचं आहे. पण तेही टेबलावरचंच.

दोन्ही बाजूंनी मोजण्याचा तुम्हाला फायदा किती? अँटेनाला टोक एकच, तिथे काहीच नाही. केबल किंवा फिल्टर एका बाजूने मोजून झालं की उलटं लावून पुन्हा मोजा, दोन मिनिटं जास्त. जास्त डायनॅमिक रेंज लागते ती रिपीटरच्या डुप्लेक्सरला (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरला), जिथे 80-90 डेसिबल खोल खड्डे बघायचे असतात. असं काम हर्णैत तुमच्याकडे आलं की त्या दिवशी डबा घ्या, तो पळून जात नाही.

मुंबईच्या व्यापाऱ्याचा पर्याय मी एका दमात मोडीत काढतो. ती जुनी मोठी यंत्रं त्यांच्या काळातली सोन्याची होती यात वाद नाही. पण वीस किलोंच्या वर वजन, संगणकाला जोडायचं तर जीपीआयबी कार्ड (जुन्या मोजयंत्रांची जोडणी) शोधा, तोंडाला वेगळ्याच जातीचे कनेक्टर, त्यांचे अ‍ॅडॉप्टर यंत्राइतके महाग, आणि आपल्या दमट हवेत एखादा जुना पॉवर सप्लाय गेला की दुरुस्तीला पुन्हा मुंबई. शिवाय तो बोटीवर न्यायला चार गडी लागतील.

तेव्हा माझा कौल मित्राच्या बाजूने, फक्त "पुरे" या शब्दाला थोडी जोड देऊन. चार इंची पडद्याचा घ्या, कारण उन्हात तीन इंची दिसत नाही. मेमरी कार्डाची खाच असलेलाच घ्या, म्हणजे बोटीवर फाइल कार्डावर आणि संध्याकाळी दुकानात संगणकावर. घेताना मागचं झाकण काढून दाखवायला सांगा. आतल्या सर्किटवर धातूची झाकणं नसतील तर ती स्वस्तातली नक्कल समजा. तिच्यात दोन पोर्टांमधला सिग्नल एकमेकांत झिरपतो आणि केबलचा तोटा चुकीचा दिसतो. घरी आल्यावर संगणक यंत्राला ओळखत नसेल तर लगेच विक्रेत्याशी भांडू नका. दहातल्या आठ वेळा ती मोबाइल चार्जिंगची वायर असते, जिच्यात डेटाच्या तारा नसतात. नीट वायर लावलीत की विंडोज 10 ला ते सीरियल पोर्ट म्हणून आपोआप दिसतं.

वाचलेल्या पैशांतला मोठा भाग मात्र ज्याच्याकडे कोणी बघत नाही त्यावर खर्च करा : तोंडाचे कनेक्टर, अ‍ॅडॉप्टर, एक चांगली जोडकेबल आणि कॅलिब्रेशनचे तुकडे. यंत्र तुम्हाला जे सांगतं ते कॅलिब्रेशन जिथे केलं त्या टोकापासून पुढचं असतं. मोकळं, शॉर्ट आणि 50 ओमचा लोड, हे तीन तुकडे क्रमाने लावून यंत्राला "हे तुझं शून्य" असं शिकवायचं. पट्टा बदलला की पुन्हा शिकवायचं. यंत्राबरोबर येतात ते तुकडे एसएमए या बारीक कनेक्टरच्या जातीचे, बोटीवर मात्र सगळीकडे पीएल-259 हा जाड प्लग. एसएमएवर कॅलिब्रेट करून पुढे अ‍ॅडॉप्टर लावला तर चालेल का? मरीन बँडवर खुशाल चालेल. 156.8 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 1.91 मीटर, चार सेंटिमीटरचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे तिचा पन्नासावा भाग. त्याहून नेटकं हवं तर पीएल-259 चे तीन प्लग घ्या. एक रिकामा ठेवा, एकात मधली पिन तांब्याच्या चकतीने बाहेरच्या कवचाला डाखून टाका, एकात 100 ओमचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर समांतर, पाय अगदी आखूड ठेवून. तुमच्यासारख्या हाताला अर्ध्या तासाचं काम. एसएमएचं तोंड साधारण 500 वेळा लावण्या-काढण्यापुरतं असतं, म्हणून यंत्राच्या तोंडावर एक छोटा अ‍ॅडॉप्टर कायमचा बसवा आणि झीज त्याची होऊ द्या.

केबल नेमकी कुठे तुटली हेही यंत्र सांगतं, अंतराच्या मापात. डोलकाठी न उतरवता दोष वर आहे की खाली हे कळणं म्हणजे तांडेलाच्या दृष्टीने चमत्कारच. इथेही आकडा पाठ ठेवा. आरजी-58 मध्ये लाट प्रकाशाच्या 0.66 पट वेगाने जाते, तो गुणक यंत्रात भरावा लागतो. 900 मेगाहर्ट्झचा पट्टा आणि 101 बिंदू लावलेत तर फक्त 11 मीटरपर्यंतच खरं दिसतं. 14 मीटरवरचा दोष गुंडाळून 3 मीटरवर दिसेल आणि तुम्ही भलतीकडेच केबल कापाल. पट्टा 300 मेगाहर्ट्झपर्यंत आणा, मग 33 मीटरपर्यंत निर्धास्त, तिसरा हिस्सा मीटरइतका बारकावाही राहतो. याच आलेखात आणखी एक चोरी पकडली जाते. बऱ्याच बोटींवर स्वस्त पडते म्हणून केबल टीव्हीची वायर ओढलेली असते. ती 75 ओमची, आणि पडद्यावर तिची पायरी साफ उठून दिसते.

दोन गोष्टींची भीती बाळगा. कितीतरी मरीन अँटेना मुद्दामच डीसीला शॉर्ट केलेल्या असतात, तेव्हा मल्टिमीटरने "शॉर्ट आहे" म्हणून चांगली अँटेना फेकू नका. पण फायबरच्या काही अँटेना तशा नसतात आणि मे महिन्याच्या वळवाच्या हवेत त्यांवर स्थिर वीज साठते. केबल यंत्राला लावण्याआधी मधली पिन एकदा कवचाला टेकवून ती विझवा. आणि जोडलेली असताना त्याच बोटीवर किंवा शेजारच्या बोटीवर कोणी वायरलेसचं बटण दाबणार नाही याची खात्री करा. 25 वॉट अंगावर आले तर हे यंत्र एका क्षणात जातं. मी तर माइकच काढून खिशात घालतो. दुकानात चार्जरला लावलेल्या लॅपटॉपने आलेख थरथरत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर मोजा.

अँटेना दुकानात, पत्र्याखाली आडवी धरून मोजू नका. पत्रा तिला खेचतो आणि दरी कुठल्या कुठे सरकते. पत्रे बदलायचेच आहेत तर वहिनींना विचारा, कौलं परवडतात का.

आता लोरा. आपल्याकडे त्याला 865 मेगाहर्ट्झच्या वरचा छोटा पट्टा परवान्याशिवाय मोकळा आहे. छोट्या नॅनोव्हीएनएच्या हिशेबात तो तिसऱ्या हार्मोनिकचा प्रदेश, तरी अँटेना जुळवण्यापुरतं भागतं. मात्र तिथे तरंगलांबी 35 सेंटिमीटरच्या आत येते, म्हणजे तोच चार सेंटिमीटरचा अ‍ॅडॉप्टर आता तिचा नववा भाग होतो आणि आलेख बिघडवतो. तिथे एसएमएच्या तोंडावरच कॅलिब्रेट करा, वर काही लावू नका. आणि अँटेना ज्या डब्यात बसणार त्या डब्यात, ज्या उंचीवर टांगणार त्या उंचीवर मोजा. ओल्या आंब्याच्या पानांशेजारी तिचं वागणं वेगळं असतं. बागेचं काम खरंच वाढलं आणि 2.4 गिगाहर्ट्झचीही गरज पडली, तर तेव्हा भाच्याचा डबा घ्यायला माझी हरकत नाही. तोवर त्याची इंजिनिअरिंगही पुरी होईल आणि तो स्वतः घेऊन देईल.

हे सगळं कशासाठी ते तुम्हाला मी सांगायला नको. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुमच्या दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाइल दिवसेंदिवस गायब होते. समुद्रात तर रोजच मोबाइल गायब असतो, तिथे डोलकाठीवरची ती एक काठीच आहे.

यंत्र आलं की पहिल्या दिवशी बोटीवर जाऊ नका. दुकानात एक नवी 10 मीटरची आरजी-58 घ्या, टोकाला स्वतः केलेला लोड लावा, मोजा. मग लोड काढून टोक मोकळं ठेवा, मोजा, निम्मं करा. 2 डेसिबलच्या आसपास आलं तर तुमचं कॅलिब्रेशन, अ‍ॅडॉप्टर आणि हात तिन्ही ठीक आहेत. मग त्याच केबलचा एक तुकडा बादलीभर समुद्राच्या पाण्यात, टोक उघडं ठेवून आठवडाभर बुडवा आणि पुन्हा मोजा. ती फाइल "कुजकी" नावाने जपून ठेवा. नारळी पौर्णिमेच्या आत बोटींच्या फायली झाल्या तर त्यातली एखादी सपाट दिसणारी मला पाठवा, आणि केबल कोणत्या जातीची, किती मीटरची ते नावातच लिहा.